ताम्हिणीत काच पांढरी, बाबांचा रेडिओ गायब: नव्या गाडीचा एसी चालवायचा तरी कसा?

वरणफळ

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात तेरा वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी काढली आणि इलेक्ट्रिक घेतली. जुनीत एसीचे तीन गोल नॉब होते. एक गार-गरमचा, एक वाऱ्याचा, एक वारा कुठे सोडायचा त्याचा. अंधारात, घाटात, बायकोशी वाद घालतानाही हात बरोबर नॉबवर पडायचा. नवीत मधोमध जेवणाच्या ताटाएवढा स्क्रीन आहे आणि सगळं त्याच्या पोटात.

परवा रविवारी पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघालो. मी, बायको, दोन पोरं आणि बाबा (वय ७४). मुळशीच्या पुढे पोरं धबधब्यात भिजली आणि तशीच निथळत येऊन बसली. पाच मिनिटांत समोरची काच पांढरीफटक. बायकोने स्क्रीनवर शोधून ते काच आणि तीन वाकड्या बाणांचं बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात काच लख्ख. आम्ही खूश. बटण तसंच चालू ठेवलं, तापमान १८.

पुढे विळ्याकडे घाट उतरायला लागलो. पाऊस थांबला म्हणून वायपर बंद केला, तर काच परत पांढरी व्हायला लागली. मी वारा वाढवला. आणखी पांढरी! बायको फडक्याने पुसतेय आणि फडकं कोरडंच. शेवटी खिडकीतून मान बाहेर काढून कशीबशी गाडी एका टपरीपाशी लावली.

तर प्रश्न पहिला: बटण एकच, तासाभरात परिणाम दोन, तेही उलटे. हे कसं?

प्रश्न दुसरा बाबांचा. त्यांना प्रवासात आकाशवाणीचं पुणे केंद्र लागतं. ७९२ हा आकडा त्यांना स्वतःच्या मोबाइल नंबरापेक्षा पक्का पाठ आहे. या गाडीत एएम नाहीच, नुसतं एफएम. गाडी ताब्यात देणाऱ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "सर, एएम म्हणजे सकाळचं ना?"

---

शून्य_प्रतिसाद

बटण बरोबर होतं. फडकं चुकीच्या बाजूला होतं.

---

काकासाहेब_७०

आमच्या फियाटला पुढच्या खिडकीत एक तिकोनी काच असायची. ती वळवली की वारा थेट बगलेत. ना गॅस, ना बटण, ना काच पांढरी. पावसात थोडं पाणी मांडीवर यायचं, पण माणूस जागा राहायचा. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या तेव्हा त्या तिकोनी काचेसाठी मला खरंच वाईट वाटलं. गाडीत थंडी वाजून स्वेटर घालणारी पिढी बघायची होती, बघितली.

---

मीनल_ठाणे

काका, तुमच्या फियाटला काच पांढरी होत नव्हती कारण तुम्ही ती उघडीच ठेवत होतात :)

वरणफळ, माझा अंदाज: तुमचं ते 'आतली हवा आत' चालू असणार. गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असतो ते. ओले कपडे, पाच जणांचे श्वास आणि बंद हवा. काच पांढरी होणारच. पावसाळ्यात ते बंद करायचं आणि बाहेरची हवा घ्यायची.

---

कोकणी_फणस

मीनलताई, आमच्याकडे जुलैत बाहेरची हवा म्हणजे पाणीच असते. ती आत घेऊन काच कशी सुकणार? आम्ही रत्नागिरीकर सरळ चारी काचा दोन बोटं उघडतो. भिजायचं तेवढं भिजायचं.

---

गियरबदल

@कोकणी_फणस, शंका रास्त आहे. पण एसी चालू असेल तर बाहेरून आलेली हवा आधी एसीच्या गार कॉइलवरून जाते. तिथे तिच्यातलं पाणी कॉइलवर बसतं आणि नळीतून गाडीखाली ठिबकतं. (उभ्या गाडीखाली जे पाणी साचतं ते हेच. दर पावसाळ्यात कोणीतरी 'माझी गाडी गळतेय' म्हणून घाबरतं.) म्हणजे काचेवर जाते ती सुकी हवा. एसी बंद ठेवून नुसता ब्लोअर काचेवर मारलात तर मात्र तुम्ही म्हणता तेच होईल, पाणीच फवारलं जाईल. लोक इथेच चुकतात. पावसाळ्यात थंडी वाजते म्हणून एसी बंद करतात. थंडी वाजली तर तापमान वाढवा, एसी चालू ठेवा. गार करणं आणि सुकवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि काचेला दुसरं हवं असतं.

वरणफळ, तुमचा पहिला प्रसंग हा असा सुटला. दुसरा वेगळा आहे. दोन गोष्टी सांगा. एक, तेव्हा वायपर फिरवून बघितलात का? दोन, बाजूच्या काचांचं काय झालं होतं?

---

वरणफळ

@गियरबदल, वायपर नाही फिरवला. पाऊस नव्हता, मग कशाला? बाजूच्या काचा बऱ्यापैकी स्वच्छ होत्या. पुढचीच गेली होती, आणि तीही खालच्या बाजूने वर वर पांढरी होत गेली.

---

गियरबदल

मग झालंच. वाफ बाहेरून धरली होती.

तुम्ही तासभर १८ अंशांची हवा जोरात काचेवर मारत होतात. काच बर्फासारखी गार झाली. घाटमाथ्यावर बाहेरची हवाही गार होती म्हणून निभावलं. खाली कोकणाच्या बाजूला उतरलात तशी बाहेरची हवा गरम आणि चिंब दमट होत गेली. फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून जसं पाणी सुटतं तसं तुमच्या काचेला सुटलं. खालून वर का? कारण त्या झरोक्याचा वारा आधी काचेच्या खालच्या कडेला लागतो. आणि तुम्ही वारा वाढवलात, म्हणजे तांब्यात आणखी बर्फ घातलात.

अशा वेळी एकदा वायपर फिरवायचा, लगेच दिसायला लागतं. मग वारा काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायाकडे वळवायचा आणि तापमान २५-२६ करायचं.

आत की बाहेर हे ओळखायला काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर आत. नाही उमटली तर बाहेर.

---

शून्य_प्रतिसाद

मी पहिल्याच प्रतिसादात हे लिहिलं होतं. सात शब्दांत.

---

मीनल_ठाणे

हसून हसून पुरेवाट! खरंच लिहिलं होतं की! मी तो टोमणा समजले.

---

नागपुरी_ऊन

तुमचं पांढऱ्या काचेचं चालू द्या. आमच्याकडे मे महिन्यात ४५-४६ असते, तवा काच नाही, माणूसच पांढरा होते. दुपारी सीताबर्डीत दोन तास गाडी उन्हात ठेवा अन् स्टीअरिंगले हात लावून दाखवा.

एक सांगतो, बाहेरून आलेले पाहुणे हमखास हेच करते. गाडीत बसले की काचा बंद अन् एसी फुल. अबे, आतली हवा बाहेरच्या हवेहून किती तरी तापलेली हाय, तीच पुन्हा पुन्हा गार करून कायले कंप्रेसरचा जीव घेता? आधी चारी दरवाजे उघडा, मग काचा खाली करून एखादा किलोमीटर चालवा, ती भट्टी बाहेर जाऊ द्या. मग काचा वर, एसी चालू, अन् आता तो गोल बाण दाबा. आता आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार झाली ना, म्हणून आता आतलीच फिरवायची. उन्हाळ्यात गोल बाण मित्र, पावसाळ्यात वैरी. एवढंच ध्यानात ठेवा.

---

मीनल_ठाणे

नागपूरकर, मित्र खरा, पण लांबच्या प्रवासात अधूनमधून त्या मित्रालाही सुट्टी द्या. बंद हवेत चार-पाच माणसं तास-दोन तास बसली की कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, डोळे जड होतात. मागच्या वर्षी नाशिकहून येताना कसाऱ्याच्या अलीकडे नवरा जांभया देत होता, मला वाटलं जेवणामुळे. बाहेरची हवा चालू केली आणि दहा मिनिटांत मागची दोघंही उठून बसली. (आणि भांडायला लागली. तो भाग वेगळा.)

आणि पेट्रोल-डिझेलवाल्यांनो, बंद गॅरेजमध्ये किंवा भिंतीला खेटून इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. धाग्यात गंमत चालू आहे, पण हे लिहिल्याशिवाय राहवेना.

---

वरणफळ

मीनलताई, चांगलं लिहिलंत. इलेक्ट्रिकमध्ये तो धूर नाही, एवढं एक बरं. पण एसीने बॅटरी किती खाल्ली जाते? बाबा दर पाच मिनिटांनी टक्के बघतात आणि "बंद कर रे तो" म्हणतात.

---

गियरबदल

बाबांना सांगा, एकदा गार झालेली गाडी गार ठेवायला ताशी साधारण एक युनिटच्या आसपास लागतं. घरातल्या दीड टनी एसीच्या अल्याड-पल्याड. ४० युनिटच्या बॅटरीत ते दोन-तीन टक्के झाले. जास्त खातं ते सुरुवातीचं, तापलेली गाडी खाली आणण्याचं. म्हणून निघायच्या आधी, चार्जिंगची वायर लावलेली असतानाच मोबाइलवरून एसी चालू करा. ती वीज घराच्या मीटरवर पडेल, टक्के शाबूत.

गंमत म्हणजे इलेक्ट्रिकला महाग पडतो तो हीटर. पेट्रोल गाडीत इंजिनाचं तापलेलं पाणी फुकटच असतं, हीटर त्याच्यावरच चालतो. इलेक्ट्रिकमध्ये ऊबही बॅटरीतूनच विकत घ्यायची.

---

पाना_पक्कड

कोल्हापुरात तेवीस वर्षं गाड्यांच्या एसीचं काम करतोय. जरा बोलू का?

गिऱ्हाईक येतं आणि पहिलंच वाक्य टाकतं, "गॅस भरा." का? "गेल्या वर्षी भरला हुता, संपला असंल." आवो, गॅस म्हंजे काय पेट्रोल हाय व्हय संपायला? बंद नळ्यांत फिरणारी वस्तू ती. बारक्या गाडीत चार-पाचशे ग्रॅम बसतो. भरपूर कमी झाला म्हंजे कुठंतरी गळतंय. पुढच्या जाळीला दगड लागलाय नायतर जॉइंटचं रबर गेलंय. आधी नायट्रोजनचं प्रेशर भरून गळती बघायची, ती काढायची, मग गॅस. गळती न बघता दरवर्षी गॅस भरणारा भेटला तर त्याचं पोट आणि तुमचं पाकीट एकमेकाला जोडलेलं हाय असं समजा.

दुसरं, वास. "एसी लावला की ओल्या मोज्यासारखा वास येतो." कॉइल ओली ऱ्हाती, अंधार असतो, बुरशी धरती. घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करा, नुसता वारा चालू ठेवा, कॉइल सुकती. फुकटचं औषध. आणि डॅशबोर्डच्या कप्प्यामागं केबिन फिल्टर असतो तो वर्षाला तरी बदला. काल एका गाडीत फिल्टरवर उंदराचं अख्खं घर निघालं. शेंगदाणे, टिश्यू पेपर आणि टोलच्या पावत्या.

---

कोकणी_फणस

फास्टॅग आल्यापासून पावत्या मिळत नाहीत. म्हणजे उंदीर जुना होता.

---

पाना_पक्कड

फणसराव, उंदीर पण जुना आणि फिल्टर पण. गाडी २०१६ची, फिल्टर कंपनीचा पयलाच!

---

काकासाहेब_७०

उंदीर, बुरशी, गळती, कार्बन डायऑक्साइड. मी फक्त तिकोनी काच म्हणालो होतो.

---

अवनी१२

स्टुटगार्टहून. धागा चवीने वाचतेय. वरणफळ यांच्या रेडिओच्या प्रश्नाला कोणीच हात लावला नाही म्हणून लिहिते.

इथे गाडीच्या रेडिओत टीए नावाचं बटण असतं, रहदारीच्या सूचनांसाठी. ते चालू असलं की तुम्ही ब्लूटूथवर काहीही ऐकत असा, सूचना आली की रेडिओ मध्येच घुसतो. नवीन होते तेव्हा मला हे माहीत नव्हतं. शांतपणे अभंग लावून हायवेने चालले होते. अचानक अभंग तुटला आणि एक बाई दुप्पट आवाजात गाइस्टरफारर, गाइस्टरफारर असं काहीतरी बोलायला लागली. शब्दशः अर्थ 'भूत-चालक'. मी घाबरून गाडी बाजूच्या विश्रांतीथांब्यावर नेली. नंतर कळलं, उलट्या दिशेने हायवेवर शिरलेल्या गाडीला जर्मनमध्ये असं म्हणतात. म्हणजे घाबरले ते बरोबरच होतं, कारण फक्त चुकीचं.

त्या सूचनेचा आवाज वेगळा ठरवता येतो, हे कळायला पुढे दोन वर्षं गेली.

---

ऑकलंडवाली

अवनी, माझी कथा ऐक. न्यूझीलंडमध्ये निम्म्या गाड्या जपानहून वापरून आलेल्या असतात. जपानचा एफएम पट्टा ७६ पासून सुरू होतो आणि जुन्या रेडिओत ९० ला संपतो. इथली स्टेशनं ८८ ते १०८ मध्ये. म्हणजे आपल्या वाट्याला ८८ ते ९० एवढीच फट. मग अँटेनाच्या वायरीत एक छोटी डबी बसवतात, ती सगळी स्टेशनं काही मेगाहर्ट्झ खाली सरकवते. चालतं, पण दरवेळी मनात वजाबाकी करायची. आईला सगळं समजावून सांगितलं तर म्हणाली, "अगं, अधिक महिन्यासारखंच झालं की, तारीख एक आणि तिथी भलतीच."

आणि स्क्रीन सगळा जपानीत. गाडी सुरू केली की एक बाई रोज गोड आवाजात काहीतरी बजावते. वर्षभर मला वाटायचं स्वागत करतेय. शेजाऱ्याच्या जपानी बायकोने सांगितलं, ती 'टोलचं कार्ड घातलेलं नाही' म्हणतेय. मी अजूनही तिला नमस्कार करते.

---

शून्य_प्रतिसाद

वाचनखूण साठवली. फक्त नमस्कारासाठी.

---

घाटावरचा_ढग

अवांतर: खंडाळ्यात एफएमची मजा कोणी अनुभवली आहे का? ९८.३, ९३.५, ९१.१ ही स्टेशनं मुंबईतही त्याच आकड्यावर आणि पुण्यातही त्याच आकड्यावर आहेत. एफएम रेडिओ दोनांतलं जोरदार असेल ते एकच पकडतो, खिचडी करत नाही. त्यामुळे घाटात वळण बदललं की शहर बदलतं. एका वळणावर लक्ष्मी रोडच्या साड्या, दुसऱ्यावर अंधेरीचा ट्रॅफिक जॅम, तिसऱ्यावर परत साड्या. बोगद्यात दोन्ही गप्प. लहानपणी बहिणीशी पैज लावायचो, पुढच्या वळणाला पुणे की मुंबई.

---

गियरबदल

@घाटावरचा_ढग, झकास निरीक्षण. एफएम साधारण सरळ रेषेत जातं, मध्ये डोंगर आला की संपलं. एएमच्या लांब लाटा जमिनीला धरून दूरवर पोचतात, म्हणून ७९२ पुण्याबाहेर खूप लांबपर्यंत लागायचं. पण एएमला दोन दुखणी. विजेच्या मोठ्या तारांखाली घरघर, आणि इलेक्ट्रिक गाडीत तर घरातच शत्रू. मोटरला वीज पुरवणारी यंत्रणा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते, तिचा गोंगाट नेमका एएमच्या पट्ट्यात पडतो. तो अडवायला आवरणं, फिल्टर असा खर्च येतो. त्यापेक्षा एएम काढून टाकणं काही कंपन्यांना सोपं वाटलं. अमेरिकेत यावरून मोठा वाद झाला, कारण आपत्तीच्या सूचना तिथे एएमवरून जातात. २०२३मध्ये फोर्डने एएम काढायचं जाहीर करून निर्णय मागे घेतला, तो याच दबावामुळे.

तेव्हा वरणफळ, बाबांची तक्रार सातासमुद्रापार पोचलेली आहे असं त्यांना सांगा.

---

अवनी१२

युरोपात उलटी गंगा, इथे काही देशांत एफएमच निघालंय. नॉर्वेने २०१७मध्ये देशपातळीवरची एफएम स्टेशनं बंद केली, स्वित्झर्लंडच्या सरकारी रेडिओने २०२४च्या अखेरीस. तिथे सगळं डिजिटल. जुन्या गाडीवाल्यांनी वेगळा अडॅप्टर घ्यायचा.

आणि स्क्रीनबद्दल. गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६पासून नियम केला आहे की इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना हाताला लागणारं बटण नसेल तर गुण कापणार. एसी मात्र त्या यादीत नाही! माझ्या मते काच साफ करण्याचं बटण त्यात हवंच होतं. ताम्हिणीत जे झालं ते आल्प्समध्येही होतं.

---

टचस्क्रीन_समर्थ

सगळे स्क्रीनच्या नावाने बोटं मोडताय म्हणून उलट बाजू. एसी 'ऑटो'वर ठेवा, २४ टाका आणि विसरून जा. डॅशबोर्डवर काचेजवळ तो काळा टिकलीसारखा ठिपका असतो ना, तो बहुतेक ऊन मोजतो. गाडी स्वतःच वारा कमी-जास्त करते. तुम्ही मध्ये बोटं घालता म्हणून बिघडतं. आणि १६ वर टाकल्याने गाडी लवकर गार होत नाही, फक्त जास्त वेळ गार होत राहते. रिक्षावाल्याला 'मला अमेरिकेला जायचंय' सांगितलं तर तो कोथरूडला लवकर पोचवेल का?

---

नागपुरी_ऊन

२४ वर ऑटो? मे महिन्यात? भाऊ, तुम्ही महाबळेश्वरचे का?

---

मीनल_ठाणे

समर्थ, मी ऑटोच वापरते आणि ९० टक्के वेळा तुमचं बरोबर. पण उरलेले १० टक्के घाटात, रात्री, पावसात येतात. त्या वेळी ताशी ४० ने जाताना स्क्रीनवर तिसऱ्या पानावर बोट नेणं म्हणजे सेकंदाला अकरा मीटर आंधळं जाणं. माझ्या गाडीत ते काचेचं बटण खरंखुरं आहे, म्हणून मी बोलू शकते.

आणि डॅशबोर्डवरच्या ठिपक्यावर गणपती बसवू नका. आमच्याकडे बाप्पा नेमके त्याच्यावर बसले होते. गाडीला वर्षभर सावलीच वाटत होती.

---

सोलापुरी_चटणी

एक उपाय नोंदवून ठेवते, कोणाच्या तरी कामी येईल. जुन्या डिझेल गाडीने आंबोली घाट चढत होतो, एसी फुल. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे. दादाने एसी बंद केला आणि हीटर पूर्ण गरम, वारा पूर्ण जोरात! मे महिना. आम्ही सगळे ओरडलो. पण काटा उतरला. वर गियरबदल यांनी लिहिलंय तेच, हीटर इंजिनाच्या पाण्यावर चालतो, म्हणजे तो दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनाची आग आमच्या अंगावर घेतली आणि वर पोचल्यावर पंख्याची उडालेली वायर सापडली. गाडी वाचली, आंबोलीत उतरल्यावर वहिनी दादाशी तासभर बोलली नाही.

---

संपादक

धागा छान चाललाय. फक्त गणपती बसवण्याच्या जागेवरून दोन वैयक्तिक प्रतिसाद उडवले आहेत. कृपया विषय गाडीचा ठेवावा.

---

काकासाहेब_७०

वरणफळ, थट्टा पुरे. वडिलांच्या वयाचा आहे म्हणून सांगतो. त्यांना ७९२ बातम्यांसाठी लागत असेल असं तुम्हाला वाटतं. आमच्या वयात रेडिओ बातम्यांसाठी लागत नाही, वेळ कळण्यासाठी लागतो. सकाळी कुठलं संगीत चालू आहे त्यावरून चहा, दाढी, निघणं ठरतं. तेव्हा नुसतं 'हे घ्या अ‍ॅप' म्हणू नका. त्यांना विचारा कोणत्या वेळचं काय हवंय.

---

वरणफळ

मंडळी, अकरा दिवसांनी परत लिहितोय. काल पुन्हा ताम्हिणी, पुन्हा दिवेआगर, तीच पाच माणसं.

काच: पोरं भिजलीच. गोल बाण बंद, एसी चालू, वारा काचेवर, तापमान २४. साफ. विळ्याच्या अलीकडे खालच्या कडेला पांढरं दिसायला लागलं तसं बोट फिरवलं, रेघ नाही. वायपर एकदा, वारा पायाकडे, तापमान २६. साफ. बायको म्हणाली, "एवढंच होतं?" @शून्य_प्रतिसाद, तुमचे सात शब्द मी तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, फडकं माझ्या हातात होतं हे त्यांना कसं कळलं?

काचेच्या बटणाचा शॉर्टकट स्क्रीनच्या पहिल्याच पानावर आणून ठेवता येतो हेही सापडलं. पुस्तिकेच्या दोनशे कितव्या तरी पानावर.

आवाजी सूचनाही करून बघितल्या. गाडीला मराठी येत नाही. बाबा हिंदीत, आणि आदराने, म्हणाले, "एसी थोडा कम कीजिए." गाडीने छताची काच उघडली. पाऊस चालू होता. काकासाहेब, तुमच्या तिकोनी काचेची आठवण झाली.

रेडिओ: तुमचं म्हणणं ऐकून बाबांना विचारलं. बातम्या नकोच होत्या! त्यांना निघताना सकाळची भक्तिगीतं हवी असतात, आई असताना त्यावर घरातून निघायची सवय. प्रसारभारतीच्या अ‍ॅपवर पुणे केंद्र मिळालं, ब्लूटूथने गाडीत लागलंही. पौडपर्यंत ठीक. मुळशीपुढे मोबाइलची रेंज गेली आणि गाणं अडकलं. बाबांनी काही न बोलता पिशवीतून त्यांचा ट्रान्झिस्टर काढला. गाडीत नुसती घर्रघर्र, गियरबदल म्हणाले तशीच. तर म्हणाले, "गाडी लाव."

त्याच टपरीपाशी लावली. बाबा उतरले, वीस पावलं लांब जाऊन दगडावर बसले, ट्रान्झिस्टर कानाशी. टपरीवाल्याने विचारलं, "मागच्या वेळी मान बाहेर काढून आलेले तुम्हीच ना?"

चहा पाच, एक बिनसाखरेचा.

---

पाना_पक्कड

बिनसाखरेचा बाबांचा का तुमचा?

---

वरणफळ

माझा. बाबांना दोन चमचे लागते.